"उठ रे, वाघ आहेस तू!"

आज भाच्याचा कबड्डीचा सामना होता. तो १५ वर्षांचा, चढाईला गेला. कोपऱ्यातल्या मुलाने पट काढला, साखळी अंगावर आली आणि त्याचं डोकं कुणाच्या तरी गुडघ्यावर आपटलं. तोंडावर पाणी मारलं, पाठ थोपटली. "उठ रे, वाघ आहेस तू!" तो उठला, आणि आमच्याऐवजी समोरच्यांच्या अंगणात जाऊन उभा राहिला. लोक हसले. माझ्या पोटात गोळा आला.

मी त्याला बाहेर काढलं. "मामा, गुण किती झाले?" पाच मिनिटांत तीनदा विचारलं त्याने. मग उलटी.

शुद्ध हरपली नाही म्हणजे मेंदूला काही झालं नाही, असं नसतं. गोंधळ, डोकेदुखी, मळमळ, तेच तेच विचारणं, ही सगळी मेंदूला हादरा बसल्याची लक्षणं. स्कॅन स्वच्छ आला तरी हादरा बसलेला असू शकतो. संशय आला की त्या दिवशी खेळ बंद, आणि पुन्हा उतरायचं ते डॉक्टरांनी सांगितल्यावरच. कारण पहिला मार भरण्याआधी दुसरा बसला, तर क्वचित मेंदूला जीवघेणी सूज येते. उत्तर आयर्लंडमध्ये २०११ साली १४ वर्षांचा एक मुलगा शाळेच्या रग्बी सामन्यात डोक्याला मार लागूनही खेळत राहिला. तो गेला.

संघ दोन गुणांनी हरला. काही पालक माझ्याशी बोलले नाहीत. मला कबड्डी फार आवडते, मीही खेळलोय.

डॉक्टर म्हणाले, आज रात्री लक्ष ठेवा. तो झोपलाय. मी शेजारी बसलोय.