रफू आणि मागणीचा नियम

दुपारी कपाट आवरताना एक जुना सदरा हाती आला. कोपरापाशी खिळ्याला अडकून करंगळी जाईल एवढे भोक पडलेले, बाकी कापड धडधाकट. रफू करावे असे क्षणभर मनात आले आणि पुढच्याच क्षणी तो सदरा पुसायच्या फडक्यांत जाऊन पडला. नवा घेणे परवडते, हे सोपे कारण झाले. पण महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकल्यापासून मला एक खोड लागली आहे: एखादी गोष्ट आपण घेईनासे किंवा करीनासे का झालो, याचा छडा लागल्याशिवाय चैन पडत नाही.

आई रफू फार सुरेख करत असे. विकतचा दोरा ती वापरत नसे. त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून एकेक धागा अलगद ओढून काढायची, सुईत ओवायची आणि भोकाच्या कडेपासून चांगल्या कापडात जरा आत शिरून आधी उभे धागे घालायची, मग त्यांच्या खालून-वरून आडवे. धागा शेवटपर्यंत ताणायचा नाही, नाहीतर भोवती चुण्या पडतात. एका कोपरावर तिची अख्खी दुपार जाई. आम्हा मुलांना मात्र त्या कोपराची लाज वाटे आणि घरातली आवक वाढल्यावर जे पहिल्यांदा बंद झाले ते हे रफूच. उत्पन्न वाढले की मागणी घटते अशा ज्या वस्तू पाठ्यपुस्तके सांगतात, त्यांत रफू अगदी चपखल बसते.

पुढे वडिलांची नोकरी गेली आणि आवक पुन्हा होती तिथे आली. हिशेबाने रफूही परत यायला हवे होते. ते आले नाही. कपडे कमी घेतले गेले, विरलेले घरात वापरले गेले, पण सुई काही निघाली नाही. उत्पन्नाबरोबर चढलेला खर्च उत्पन्नाबरोबर तसाच उतरत नाही, अशी मांडणी अर्थशास्त्रज्ञ जेम्स ड्यूझनबेरी यांनी १९४९ मध्ये केली होती. आमच्या घराला ती लागू पडते, पण निम्मीच; कारण मधल्या काळात तयार कपडे कमाईच्या मानाने स्वस्त झाले होते आणि कोणाचीही एक दुपार महाग झाली होती. म्हणजे रफू कोणी मारले, उत्पन्नाने की किमतीने?

हा गुंता सोडवण्याची युक्ती युजीन स्लुत्स्की या कीव्हमधल्या अर्थशास्त्रज्ञाने १९१५ मध्ये एका इटालियन नियतकालिकात मांडली आणि ती जवळजवळ कोणाच्याच लक्षात आली नाही. १९३४ मध्ये हिक्स आणि ॲलन हे ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ स्वतंत्रपणे तिथेच पोहोचले, तेव्हा कुठे तिचे चीज झाले. वस्तू स्वस्त झाली की एकदम दोन गोष्टी घडतात: मन तिच्याकडे वळते आणि वाचलेल्या पैशामुळे खिसाही थोडा जड होतो. तेव्हा जुनी खरेदी जेमतेम जमेल एवढेच पैसे हाती ठेवून बाकीचे काढून घेतले आहेत असे समजायचे. तरीही जो बदल उरेल तो पर्यायता परिणाम. पैसे परत दिल्यावर आणखी जो होईल तो उत्पन्न परिणाम. मी माझ्या सदऱ्यावर हा प्रयोग मनातल्या मनात करून पाहिला. पैसे काढून घेतले तरी मी रफूला बसेन असे वाटत नाही, तेव्हा आरोप बराचसा किमतीवर जातो. अर्थात हे सारे 'इतर परिस्थिती कायम असताना', आणि ती कायम असल्याचे निदान आमच्या घरात तरी कोणी पाहिलेले नाही.

हे दोन परिणाम उलट दिशांना ओढू लागले की मौज संपते. गरिबाचा मुख्य आहार महागला की इतर पदार्थ सोडून तो तोच आहार जास्त घेतो, हे निरीक्षण अर्थशास्त्रज्ञ मार्शल यांनी रॉबर्ट गिफेन यांच्या नावे नोंदवले आणि पाठ्यपुस्तकांत ते, किंमत वाढली की मागणी घटते या मागणीच्या नियमाला अपवाद म्हणून धड्याच्या शेवटी जाऊन बसले. २००८ मध्ये जेन्सन आणि मिलर या अर्थशास्त्रज्ञांनी चीनच्या हुनान प्रांतातल्या गरीब कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सवलतीने तांदूळ स्वस्त करून दिल्यावर त्यांनी तो कमी खाल्ला, कारण वाचलेल्या पैशात दुसरे काही घेता आले. ही कुटुंबे गरीब होती, पण अगदी तळची नव्हती. तळच्या कुटुंबांत हा अपवाद दिसला नाही. त्यांच्या ताटात मुख्य धान्याखेरीज सोडण्यासारखे जवळजवळ काही नव्हतेच. किंमत वाढली की ती माणसे मागणीच्या नियमाप्रमाणे वागतात, म्हणजे कमी जेवतात.