आमची वाटचाल : ग्रिलच्या कामापासून फिश टँकच्या स्टँडपर्यंत

आमचं मूळ काम ग्रिल, सेफ्टी डोअर, जिन्याचे कठडे. डोंबिवलीत छोटं वर्कशॉप, मी, धाकटा भाऊ आणि एक वेल्डर. फिश टँकचे स्टँड आले ते शेजारच्या काचवाल्यामुळे, तो टाक्या बनवायचा आणि गिऱ्हाईक विचारायचं आता ही ठेवू कशावर, की तो सरळ आमच्याकडे धाडायचा. तेव्हा टाक्या दोन-अडीच फुटी, गोल्डफिशवाल्या. पुढे लोकांना ऑस्कर, अरोवाना अशा मोठ्या माशांचं वेड लागलं आणि चार फुटी, सहा फुटी टाक्या वरच्या मजल्यांवर जायला लागल्या, तिथून आमचं कामच बदललं.

हिशोब बघा ना. लिटरभर पाणी म्हणजे एक किलो. चार फूट लांब, दीड रुंद, दोन उंच अशा टाकीत काठोकाठ तीनशे लिटरच्या वर पाणी बसतं, त्यात 12 एमएम काच म्हटली की 75 किलोच्या आसपास, वर रेती, दगड, स्टँड, सगळं धरून साडेचारशे किलो कुठेच गेलं नाही, आणि ते पण सहा चौरस फुटांवर. आयएस 875, म्हणजे इमारतीवर किती भार धरायचा ते सांगणारं भारतीय मानक, राहत्या खोलीला चौरस मीटरमागे साधारण 200 किलो लाइव्ह लोड (माणसं, सामान यांचं वजन) धरतं. आकडा ऐकून लोक दचकतात, पण तो लोड अख्ख्या खोलीभर पसरलेला धरतात, म्हणून खरा प्रश्न टाकी कुठे ठेवताय हा असतो. स्लॅब मधोमध जास्त वाकतो, बीमला लागून ठेवली तर वजन लगेच बीमवर उतरतं.

आता हा बीम वरून दिसत नाही, टाइल्सखाली काय कळणार? म्हणून माप घ्यायला गेलो की आम्ही आधी खालच्या फ्लॅटची बेल वाजवतो. काकू, जरा छत बघू द्या, एवढंच म्हणतो. बीम कुठून गेलाय ते तिथे स्वच्छ दिसतं, आणि ओल आहे का, प्लास्टर फुगलंय का, गंजलेल्या सळ्या उघड्या पडल्यात का हे पण दिसतं. सळ्या दिसल्या की आम्ही ऑर्डर घेत नाही, गिऱ्हाईक रागावलं तरी. बंद करून घेतलेल्या बाल्कनीत तर नाहीच नाही, ती बाहेर लटकलेली असते. सहा फुटीला स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी पत्र हातात आल्याशिवाय पाइप कापत नाही, आणि जुन्या लाकडी तुळयांच्या घरात छोट्या टाकीला सुद्धा तेच.

स्टँडही बदलला. चार सुटे पाय दिले की सगळं वजन चार टाइल्सवर, आणि टाइल खालून पोकळ असेल (नाणं वाजवून बघा, भद्द आवाज येतो) तर ती फुटणारच. म्हणून आता 40 बाय 40 एमएमचा चौकोनी एमएस (साध्या पोलादाचा) पाइप, खाली पण पूर्ण चौकट, मागे तिरकी पट्टी म्हणजे स्टँड हलत नाही, वर मरीन प्लाय (पाण्यात टिकणारा प्लायवूड) आणि थर्माकोल, कारण काचेखाली वाळूचा एक खडा राहिला तरी तळ तडकू शकतो.

पाणी एकदम भरत नाही. टाकी अर्धी भरतो, लेव्हल (सपाटी दाखवणारी बुडबुड्याची पट्टी) लावतो, दुसऱ्या दिवशी भाऊ जाऊन परत लेव्हल बघतो, बुडबुडा सरकला नसेल तरच उरलेलं पाणी.

स्टँड कुणाकडूनही बनवा, पण टाकी घ्यायच्या आधी जागा बघायला आम्हाला बोलवा, त्याचे पैसे आम्ही घेत नाही.