इंग्लंडमधली घरपट्टी आणि आम्ही चार विद्यार्थी : माझा अनुभव

घरपट्टी भरायची ती घरमालकाने, हे आमच्याकडे साताऱ्यात कुणाला सांगावं लागत नाही. बाबा दरवर्षी नगरपालिकेत जाऊन भरून येतात, पावती कपाटातल्या फायलीत जाते, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू काकांचा त्यात काही संबंध येत नाही. म्हणून इंग्लंडला एमएस्सीसाठी आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात 'द ऑक्युपायर' (घरात राहणारा) असं लिहिलेलं पाकीट दाराच्या फटीतून आत पडलं, तेव्हा मालकाचं असेल म्हणून मी ते जिन्याखाली ठेवून दिलं. महिन्याभराने दुसरं आलं. त्यावर आम्हा चौघांची नावं होती आणि सप्टेंबर ते मार्चचे मिळून साडेआठशे पौंड.

त्या रात्री कुणाला नीट झोप लागली नाही. माझ्या महिन्याच्या खर्चाचं गणित पौंडापौंडावर बसवलेलं होतं.

तिथे या कराला काऊन्सिल टॅक्स म्हणतात (काऊन्सिल म्हणजे आपल्या नगरपालिकेसारखी स्थानिक संस्था) आणि तो सहसा राहणाऱ्यावर लागतो. मालकाने खोलीखोलीचे वेगळे करार केले असतील तर जबाबदारी त्याची. आमचा करार चौघांचा मिळून एक होता. बिलावर 'बँड ए' लिहिलेलं होतं, त्याचा अर्थ मी शोधून काढला. कर सुरू झाला १९९३ मध्ये, पण घर कुठल्या बँडमध्ये, म्हणजे किमतीच्या गटात, बसतं हे इंग्लंडमध्ये आजही १ एप्रिल १९९१ ला त्याची किंमत किती झाली असती त्यावर ठरतं. तेव्हा चाळीस हजार पौंडांपर्यंतचं घर 'ए', तीन लाख वीस हजारांच्या वरचं 'एच'. माझ्या जन्माच्या आधीच्या किमतीवर मी कर भरायचा, हे पचायला वेळ लागला.

सुटकेची वाटही कायद्यातच होती. घरातले सगळे पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर पूर्ण माफी. पूर्णवेळ म्हणजे किमान एका शैक्षणिक वर्षाचा कोर्स, वर्षाला किमान २४ आठवडे आणि आठवड्याला सरासरी २१ तास अभ्यास. आम्ही चौघंही त्यात बसत होतो. पण काऊन्सिलला हे आपोआप कळेलच असं नाही, आपणच कळवायचं. विद्यापीठाच्या पोर्टलवरून तिघांचे दाखले पाच मिनिटांत निघाले. चौथा अकोल्याचा मित्र, फीचा हप्ता अडकल्यामुळे त्याची नोंदणी पूर्ण नव्हती, म्हणून दाखला निघेना. तेवढ्यात हप्ता चुकल्याचं स्मरणपत्र आलं: सात दिवसांत भरा, नाहीतर वर्षाची सगळी बाकी एकदम मागितली जाईल.

मी फोन केला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, तीन दाखले आजच पाठवा म्हणाल्या, चौथ्यासाठी दोन आठवडे थांबायचं त्यांनी खात्यावर नोंदवलं. मित्राला वेगळीच भीती होती. "अरे, ही माफी घेतली तर व्हिसाला लागेल ना? सरकारी मदत घ्यायची नाही असं लिहिलंय." मी विद्यापीठाच्या सल्ला केंद्रात विचारून आलो. कमी उत्पन्नासाठी मिळणारी 'काऊन्सिल टॅक्स रिडक्शन' सरकारी मदतीत मोडते, ती आपण घ्यायची नाही. विद्यार्थ्यांची माफी त्यात येत नाही. नोव्हेंबरमध्ये नवीन बिल आलं. रक्कम शून्य, तेही राहायला आलो त्या दिवसापासून.

जानेवारीत मित्र दुसऱ्या शहरात गेला आणि मालकाच्या संमतीने त्याच्या जागी गोदामात नोकरी करणारा एक दादा आला. माणूस फार चांगला. पण तो विद्यार्थी नाही, म्हणून घराची माफी गेली. तीन विद्यार्थी मोजणीत धरत नाहीत, उरतो एकच मोठा माणूस, त्याला २५ टक्के सूट. महिन्याला साधारण ९४ पौंड, आणि कायद्याने ते एकट्या दादावर. आम्हा विद्यार्थ्यांकडून काऊन्सिल ते मागू शकत नव्हतं.

त्या संध्याकाळी आम्ही चौघं स्वयंपाकघरात बसलो, गॅसवर वरण उकळत होतं. दादा म्हणाला, "नियम आहे ना, मी भरतो." मला ते पटलं नाही. तो आला नसता तर रिकाम्या खोलीचं भाडं आम्हालाच भरावं लागलं असतं, आणि आत येण्याआधी त्याला हे सांगायचं काम आमचं होतं. शेवटी त्याने निम्मे आणि उरलेले आम्ही तिघांनी वाटून घ्यायचे असं ठरलं. मी फ्रिजवरच्या कागदावर चार आकडे लिहिले : ४७, १६, १६, १५.

माझ्या दाखल्यावर कोर्स संपण्याची तारीख १९ सप्टेंबर आहे. व्हिसा त्यानंतरही चालू राहतो, पण विद्यार्थी म्हणून मला मोजणीत न धरणं तिथेच संपतं, आणि मोजणीत दुसरा माणूस, म्हणजे मी, आलो की दादाची २५ टक्के सूटही जाईल. म्हणून हे त्याला मी आत्ताच, ऑगस्टमध्ये सांगून ठेवलं आहे.