नेलपॉलिशची रेघ

वाईत गॅरेज टाकलं की अर्धं काम पसरणीचा घाटच आणून देतो. मे महिन्यात जळक्या ब्रेक-पॅडचा वास घेऊन एखादी गाडी दारात उभी राहतेच. माणसं पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर घाट उतरतात आणि खाली आल्यावर म्हणतात, ब्रेक कंपनीनंच वाईट दिलेत. त्यामुळे परवा सकाळी पाचगणीकडचे एक गुरुजी आले आणि ‘पाय खाली जातोय’ म्हणाले, तेव्हा बॉनेट उघडायच्या आधीच मी मनात ठरवून टाकलं, ऑइल उकळलंय.

ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. नवं डॉट 4 (ऑइलाची एक प्रत) किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की 155 पर्यंतही खाली येतं. मग लाइनीत वाफ धरते आणि पेडल लुसलुशीत होतं. मात्र गाडी थंड झाली की बरंचसं पूर्ववत होतं. गुरुजींचं पेडल रात्रभर गाडी उभी राहूनही सकाळी घरातूनच मऊ होतं. डब्यातलं ऑइलही नवंकोरं, फिकट पिवळं.

“आठ दिवसांपूर्वी पुढचे दोन्ही कॅलिपर बदललेत. एअर दोनदा काढून घेतली,” गुरुजी म्हणाले. (कॅलिपर म्हणजे चाकाच्या डिस्कवर पॅड दाबणारा भाग.) “आज सेकंड गिअर आणि हँडब्रेकवर उतरलो. मागं पोरं होती.” त्यांनी हे इतकं शांतपणे सांगितलं की घाम मला फुटला.

एअर काढणं, म्हणजे ब्रेकच्या लाइनीतली हवा बाहेर काढणं, हे पाना फिरवायचं काम नाही, दोघांच्या तालाचं काम आहे. चाकाच्या ब्रेकवरच्या निपलला (हवा सोडायच्या छोट्या तोटीला) पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलात बुडालेलं. आत बसलेला पोरगा सावकाश पंप मारतो, भराभर मारले तर ऑइलाचा फेस होतो. मी म्हणतो “धर”, निपल पाव आटा सोडतो, त्याचा पाय बुडतो, मी निपल आवळतो आणि मगच म्हणतो “सोड”. हा शेवटचा शब्द आधी निघाला तर काढलेली हवा परत आत. पेडलखाली मी लाकडाचा ठोकळा ठेवतो. जुन्या मास्टर सिलेंडरचं (पेडल दाबलं की ऑइल ढकलणाऱ्या पंपाचं) रबर रोज जिथं जात नाही त्या गंजक्या भागात गेलं की फाटतं, आणि साधं एअर काढायला आलेलं गिऱ्हाईक सिलेंडरचं बिल घेऊन जातं. हा ठोकळा मी दुसऱ्या कुठल्या गॅरेजात पाहिलेला नाही.

मागचं डावं चाक मास्टरपासून सगळ्यात लांब, तिथून सुरुवात केली. (काही गाड्यांत लाइनी तिरक्या असतात, त्यांचा क्रम पुस्तकात बघून घ्यावा.) चारही चाकं झाली. नळीत एक बुडबुडा नाही. पेडल तसंच. तीन-चार पंप मारले की वर येई, दाबून धरलं तरी बसत नसे, म्हणजे मास्टर ठीक. पुन्हा चारही चाकं. पाऊण तास आणि जवळजवळ लिटरभर ऑइल गेलं. पोरगा घड्याळाकडं बघायला लागला. गुरुजी मात्र स्टुलावर पेपर वाचत होते, एकाच पानावर.

मग होजला (चाकाकडं जाणाऱ्या रबरी नळीला) आवळायचे क्लॅम्प लावायला घेतले. मागचे आवळले, फरक नाही. पुढचे दोन्ही आवळले आणि पेडल दगड. हवा पुढंच होती. बॅटरी घेऊन खाली वाकलो तर होजवरची सरळ रेघ पीळ खाल्लेली दिसली. पिळाच्या मागं नजर नेली. निपल कॅलिपरच्या खालच्या अंगाला.

डावा कॅलिपर उजवीकडं, उजवा डावीकडं. बोल्ट बसतात, चाक फिरतं, ब्रेकही थोडाफार लागतो. हवा वरच्या पोकळीत आरामात बसून राहते आणि खालच्या निपलातून चांगलं ऑइल येत राहतं. बुडबुडा येणार कुठून? मीही त्याच निपलाला पाना लावून बसलो होतो. डोळे नळीवर होते, निपल कुठं आहे ते पाहिलंच नव्हतं.

कॅलिपर काढताना दुसरी गोष्ट दिसली. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून शेजारच्या भागावर गेलेली लाल नेलपॉलिशची बारीक रेघ. बोल्ट हलला की रेघ तुटते, लगेच कळतं. ही युक्ती माझी. बायकोची बाटली पळवून सुरू केलेली. माझ्याकडं तीन वर्षं राहून गेलेल्या एका पोरानं मागच्या दिवाळीत स्वतःचं गॅरेज टाकलंय. त्यानं रेघ अगदी मी शिकवली तशी मारली होती, त्या खालच्या निपलावरसुद्धा.

कॅलिपर अदलाबदल केले, तांब्याचे नवे वायसर टाकले, एअर काढली. पहिल्याच धारेत नळी पांढरी झाली. पेडल अर्ध्यातच ताठ थांबलं. गुरुजींनी स्वतः बसून दाबलं, पुन्हा दाबलं.

“आधीच्या माणसाचं काय चुकलं होतं?” त्यांनी पैसे काढता काढता विचारलं.

“हवा राहिली होती,” मी म्हणालो. पैसे ऑइल आणि वायसरचेच घेतले.

संध्याकाळी त्या पोराला फोन लावला. आवाज चढवायचा ठरवलं होतं. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, “उस्ताद, पण बुडबुडे यायचे बंद झाले होते. तुम्ही म्हणायचात ना, बुडबुडे थांबले की झालं.”

म्हणायचो. निपल वरच का असतं, ते मी त्याला कधी सांगितलं होतं का, हे परवापासून आठवतोय.