आमची वाटचाल : उसवलेल्या जॅकेटांपासून

आमच्या कार्यशाळेत पहिली दोन वर्षे एकही जॅकेट शिवले गेले नाही. लोकांची जॅकेटे आम्ही फक्त उसवत आणि दुरुस्त करत होतो. दोन शिलाई यंत्रे, कापणीचे एक लांब टेबल आणि गिर्यारोहणाची ओढ असलेले आम्ही दोघे भागीदार, एवढ्यावर काम सुरू झाले. क्रॅम्पॉनच्या, म्हणजे बर्फावर चालण्यासाठी बुटाला बांधायच्या सापळ्याच्या, दात्याने फाटलेल्या पँटी, दोर घासून विरलेल्या सॅक, चेन बिघडलेले तंबू असे काहीही दुरुस्तीला येत असे, पण हिवाळी मोहिमा संपल्या की ढीग लागे तो उबदार जॅकेटांचाच. त्यांतील एक मला आजही आठवते. त्याच्या पाठीचे अस्तर उसवून आतले कृत्रिम भरण मी खिडकीच्या उजेडासमोर धरले, तेव्हा जिथे सॅकचे पट्टे बसतात तिथे ते इतके विरळ झाले होते की मागे धरलेली बोटे मोजता येत होती. बाहीच्या वरच्या भागातील भरण मात्र जवळजवळ नव्यासारखे फुललेले होते. एकाच जॅकेटात, एकाच थानातून कापलेल्या भरणाची दोन वेगवेगळी वये दिसत होती, आणि ती का, याचा शोध घेता घेता आमचा आजचा व्यवसाय उभा राहिला.

जॅकेट स्वतः ऊब निर्माण करत नाही. ऊब शरीराची असते, आणि भरणाचे काम शरीराभोवतीची हवा जागच्या जागी अडवून धरण्याचे असते. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच यांनी हवाई फुग्याच्या कापडात आयडर बदकाची पिसे भरून शिवलेला कोट वापरला, तेव्हापासून आजपर्यंत वजनाच्या मानाने मिळणाऱ्या उबेत उत्तम पिसांची बरोबरी कृत्रिम भरणाला करता आलेली नाही, हे आम्ही ग्राहकाला सुरुवातीलाच सांगतो. पिसांची अडचण ओलाव्याची आहे. पिसे भिजली की चिकटून गोळा होतात, हवा अडवणाऱ्या पोकळ्या मिटतात आणि त्यांची जागा पाणी घेते, जे स्थिर हवेच्या तुलनेत सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. १९८० च्या दशकात अमेरिकेच्या सैन्याला भिजल्यावरही साथ देणारा पिसांचा पर्याय हवा होता, आणि त्या गरजेतून अल्बनी इंटरनॅशनल या कंपनीने अतिशय बारीक पॉलिएस्टर तंतूंचे प्रिमालॉफ्ट हे भरण विकसित केले. पॉलिएस्टरचा तंतू पाणी जवळजवळ शोषतच नाही, त्यामुळे ओला झाला तरी तो आपला ताठपणा सोडत नाही आणि लवकर वाळतो. तरीही कृत्रिम भरण भिजले तरी पूर्ववत उबदार राहते, ही समजूत चुकीची आहे. त्याचीही ऊब कमी होते. फक्त ते पिसांसारखे बसून जात नाही, आणि अंगावरच सुकण्याची संधी आपल्याला देते.

आमचे स्वतःचे पहिले जॅकेट आम्ही तिसऱ्या वर्षी शिवले. दुरुस्तीच्या अनुभवावरून शिवण मजबूत ठेवली, वारा मुळीच आत येणार नाही असे घट्ट विणीचे कापड घेतले आणि अंगात, बाह्यांत व टोपीत सरसकट दर चौरस मीटरला १०० ग्रॅम वजनाचे भरण घातले. हातात घेणारा प्रत्येक जण ते उबदार असल्याचे म्हणत असे. त्याची परीक्षा घेण्यासाठी आम्ही दोघे एका गोठलेल्या धबधब्यावर गेलो. पायथ्यापर्यंतची सुमारे दीड तासाची चढण जॅकेट घालूनच पार केली, कारण त्याची चाचणी घ्यायची होती, आणि पोहोचेपर्यंत आतले दोन्ही थर घामाने ओले झाले होते. भागीदार आघाडीवर चढू लागला आणि मी खाली उभा राहून बिले देऊ लागलो, म्हणजे तो पडला तर सावरता यावा म्हणून त्याचा दोर धरून सोडू लागलो. पहिली दहा मिनिटे काहीच जाणवले नाही, पण नंतर पाठीच्या मध्यापासून थंडी पसरत गेली आणि अर्ध्या तासात माझी बोटे दोर नीट सोडेनाशी झाली. बिले देणाऱ्याची बोटे अशी आखडणे हा वर चढणाऱ्याच्या जिवाचा प्रश्न असतो. संध्याकाळी भागीदाराच्या बाहीला बर्फकुऱ्हाडीच्या टोकाने पडलेली दोन इंचांची चीर आम्ही विजेरीच्या उजेडात उघडून पाहिली, तेव्हा बाहेरच्या कापडाच्या आतल्या अंगाला पिठासारखा हिमाचा पातळ थर बसलेला होता. आमच्याच घामाची वाफ भरणातून बाहेर येऊन, घट्ट कापडापाशी अडून, तिथेच गोठली होती.

त्या चिरेने आमच्या व्यवसायाची दिशा बदलली. जॅकेट किती उबदार आहे, याआधी ते केव्हा अंगावर असणार आहे हे विचारले पाहिजे, हे आम्हाला तेव्हा कळले. थंडीतल्या चढाईत शरीराच्या दोन अगदी भिन्न अवस्था असतात. चढताना आणि वाट तुडवताना शरीर भरपूर उष्णता निर्माण करते आणि घाम बाहेर जाऊ देणे महत्त्वाचे ठरते; बिलेच्या जागी थांबले की तेच शरीर काही मिनिटांत थंड होते आणि मिळेल तितकी अडवलेली हवा हवी असते. एकाच जॅकेटकडून या दोन्ही गोष्टी पूर्णपणे साधत नाहीत. म्हणून पहिले जॅकेट आम्ही बंद केले आणि त्याऐवजी दोन वेगळी जॅकेटे आखली.

पहिले हालचालीचे जॅकेट. त्याच्या अंगात ६० आणि बाह्यांत ४० ग्रॅमचे भरण आहे, बाहेरचे कापड थोडी हवा जाऊ देणारे आहे, आणि काखेखालच्या पट्टीत भरण मुळीच नाही. मध्यम मापाला टोपीसह पावणेदोन ते दोन चौरस मीटर भरण लागते. म्हणजे ६० ऐवजी १०० ग्रॅमचे भरण सर्वत्र वापरले तर वजन सत्तर-ऐंशी ग्रॅमांनीच वाढते, पण चढताना साचणारा घाम त्या आकड्यात कुठेच दिसत नाही. हे जॅकेट तीनशे-साडेतीनशे ग्रॅमांत बसते. दुसरे थांब्याचे जॅकेट, ज्याला गिर्यारोहक बिले जॅकेट म्हणतात. त्यात सुमारे १३० ग्रॅमचे भरण आहे, त्याचे माप मुद्दाम ढगळ आहे, आणि ते अंगावरच्या सगळ्या कपड्यांवरून, बाहेरच्या वारारोधक थरावरूनही चढवायचे असते. थांबलो की आतला ओला थर काढत बसण्याइतका वेळ आणि सोय कड्यावर नसते. वरून जॅकेट घातले की शरीराची उष्णता आतला ओलावा हळूहळू बाहेर ढकलते, आणि इथे कृत्रिम भरणाचा गुण पुरेपूर कामी येतो. त्याचे वजन साडेपाचशे ते सहाशे ग्रॅमांच्या दरम्यान भरते.

हे जॅकेट उणे किती अंशांपर्यंत चालेल, असा प्रश्न ग्राहक नेहमी करतात, आणि आम्ही कोणत्याही जॅकेटवर तापमानाचा आकडा छापत नाही याचे त्यांना नवल वाटते. कपड्याची ऊब मोजण्याचे क्लो हे एकक १९४१ मध्ये सुचवले गेले. २१ अंश सेल्सिअसच्या, वारा जवळजवळ नसलेल्या खोलीत स्वस्थ बसलेल्या माणसाला सुखकर वाटेल इतकी ऊब म्हणजे एक क्लो. वेगवेगळ्या भरणांची तुलना करण्यासाठी हे एकक चांगले आहे. परंतु कड्यावरचा माणूस स्वस्थ बसलेला नसतो, तिथे वारा असतो, आणि त्याने किती खाल्ले आहे, तो किती थकला आहे यावरही थंडी ठरते. तापमानाचा एकच आकडा छापून त्याला निर्धास्त करणे आम्हाला पटत नाही.

कापडाच्या बाबतीत हलकेपणाचा मोह आम्हालाही झाला होता. कापडाच्या धाग्याची जाडी डेनिअरमध्ये मोजतात. ९,००० मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम, तितके त्याचे डेनिअर. १० डेनिअरचे नायलॉन हातात घेतले की वाऱ्याच्या झुळकीसारखे वाटते आणि मुठीत मावते, पण खडकाच्या अरुंद भेगेत पाठ टेकून सरकणाऱ्या आरोहकाच्या खांद्यावर ते फार काळ टिकत नाही, हे दुरुस्तीच्या टेबलावर आम्ही पुन्हा पुन्हा पाहिले होते. आता अंगाला २० डेनिअर आणि खांदे व कोपरांना ३० डेनिअर वापरतो. भरणाची निवड करतानाही अशीच देवघेव करावी लागते. आखूड तंतूंचे भरण मऊ असते आणि छान दाबले जाते, पण ते सरकू नये म्हणून थोड्या थोड्या अंतरावर टीप मारावी लागते, आणि जिथे टीप आरपार जाते तिथे भरणाची जाडी शून्यावर येऊन थंडीची रेघ तयार होते. सलग लांब तंतूंच्या भरणाला टिपा कमी लागतात आणि ते दाब अधिक वर्षे सोसते, मात्र ते किंचित ताठ असते आणि सॅकमध्ये जास्त जागा घेते. सॅकखाली दबणाऱ्या हालचालीच्या जॅकेटात, आणि रोज दाबून भरल्या जाणाऱ्या थांब्याच्या जॅकेटातही, आम्ही सलग तंतू निवडला. खिडकीसमोर धरलेले ते विरळ भरण आमच्या डोळ्यांसमोर होते.

सर्वांत अधिक वेळ मात्र गेला तो बेतण्यात. आरोहकाचे हात दिवसभर डोक्याच्या वर असतात, आणि साध्या बेतीचे जॅकेट अशा वेळी कमरेतून वर ओढले जाऊन हार्नेसच्या, म्हणजे ज्याला दोर बांधतात त्या कमरेच्या साजाच्या, पट्ट्याखालून निसटते. मग पोट उघडे पडते, आणि जॅकेटचा निसटलेला घोळ हार्नेसवर जमून दोराची गाठ व कॅराबिनर (दोर अडकवायची धातूची कडी) दिसेनासे होतात. मुंढा, म्हणजे बाही जोडण्याचा घेर, उंच घेऊन काखेत कळी, म्हणजे कापडाचा जादा तुकडा, घातल्यावर हा दोष गेला. पण कळी केवढी असावी हे ठरवायला नऊ नमुने शिवावे लागले, आणि प्रत्येक नमुना घालून भागीदार कार्यशाळेच्या तुळईला दोन्ही हातांनी लोंबकळत असे, तर मी मागून पट्टी धरून कंबर किती इंच उचलली हे लिहून घेत असे. टोपी हेल्मेटवरून चढली पाहिजे आणि तरीही मान वळवताना नजर झाकली जाता कामा नये. चेन खालूनही उघडली पाहिजे, म्हणजे जॅकेट अंगावर ठेवून बिलेचे साधन हाताशी राहते. खिसे हार्नेसच्या पट्ट्याच्या वर असले पाहिजेत, आणि थांब्याच्या जॅकेटला आतून दोन मोठे जाळीचे खिसे हवेत, ज्यांत ओले हातमोजे आणि पाण्याची बाटली गोठण्यापासून वाचवता येते. चेनच्या टोकाला दोरीचा फास हवा, जो जाड हातमोज्यातूनही पकडता येईल. जॅकेट निवडताना या गोष्टी आरशासमोर उभे राहून कळत नाहीत. म्हणून ग्राहकाने येताना स्वतःचे हेल्मेट, हार्नेस आणि हातमोजे आणावेत असा आमचा आग्रह असतो.

पाचव्या वर्षी आमच्याकडून एक गंभीर चूक झाली. एका पुरवठादाराकडून भरणाची थाने नेहमीपेक्षा कितीतरी घट्ट दाबून बांधलेली आली, मोहिमांचा हंगाम तोंडावर होता, आणि आम्ही ती उघडल्याबरोबर कापायला घेतली. दाबलेले भरण पूर्ण फुलण्याआधीच टिपांत अडकले आणि त्या तुकडीतील जॅकेटे पहिल्या दिवसापासून पातळ राहिली. तक्रारी येऊ लागल्या तेव्हा ती सर्व जॅकेटे परत मागवून, उसवून, नव्या भरणाने पुन्हा शिवून दिली. त्या हिवाळ्यात नवे काम जवळजवळ झालेच नाही. पुरवठादाराने दाबून पाठवले हे खरे असले, तरी न तपासता कापण्याचा निर्णय आमचाच होता. तेव्हापासून प्रत्येक थान उघडून रात्रभर मोकळे पसरले जाते आणि सकाळी चार ठिकाणी जाडी मोजल्याशिवाय त्याला कात्री लागत नाही. घरी जॅकेट कधीही पिशवीत कोंबून ठेवू नये, ते सैल टांगावे, असे आम्ही प्रत्येक ग्राहकाला जे सांगतो, त्यामागेही हाच अनुभव आहे.

पाणी ओघळून जावे म्हणून बाहेरच्या कापडावर जो लेप असतो, तो पूर्वी फ्लोरिनच्या संयुगांचा असे. ही संयुगे निसर्गात विघटित होत नाहीत, म्हणून आम्ही फ्लोरिनविरहित लेपाकडे वळलो. हा लेप पाणी चांगले झटकतो, पण तेल आणि मळ त्याला लवकर बाधतात, त्यामुळे जॅकेट पूर्वीपेक्षा अधिक वेळा धुवावे लागते. सौम्य साबण वापरावा, कपडे मऊ करणारे द्रव्य टाळावे आणि यंत्रात मंद उष्णतेवर वाळवावे; त्या उष्णतेने लेपही पुन्हा जागा होतो.

ज्यांना दीर्घकाळ कोरड्या, कडाक्याच्या थंडीत उंचावरच्या छावणीत राहायचे आहे, त्यांना आम्ही आमचे जॅकेट न घेता पिसांचे घेण्याचा सल्ला देतो, कारण तिथे ओलाव्याचा धोका कमी आणि वजनाचा हिशेब मोठा असतो. ओला बर्फ, घाम, वितळत्या धबधब्याचे तुषार आणि दिवसातून दहा वेळा जॅकेट घालणे-काढणे जिथे असते, तिथे मात्र कृत्रिम भरणच घ्यावे, असे आम्ही खात्रीने सांगतो.

दुरुस्तीचे टेबल आजही बंद केलेले नाही. आमचे जॅकेट परत येते तेव्हा त्याची पाठ, खांदा, बाही आणि टोपी अशा चार ठिकाणची जाडी मोजून वहीत शिवणीच्या क्रमांकापुढे लिहिली जाते. गेल्या आठवड्यात नव्या मुंढ्याच्या पहिल्या तुकडीतील एक जॅकेट आले. त्याचे सहा हिवाळे झाले आहेत, डावे कोपर फाटले आहे आणि पाठीचे भरण बाहीच्या तुलनेत साधारण पाव भागाने बसले आहे. कोपराला ठिगळ लावून झाले आहे. पाठीत मात्र नवे भरण घालायचे ठरले असून, त्याचे थान काल रात्रीच टेबलावर पसरून ठेवले आहे.