चाकाची आगबोट

दाभोळहून धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीत गाडी लावून झाली की बहुतेक लोक मोबाइल काढतात, मी आपला कठड्याला टेकून पाण्यात बघत राहतो. इंजिन धडधडतंय, बोट सरकतेय, पण तिला ढकलतंय कोण ते काही दिसत नाही, पंखा बिचारा पाण्याखाली. चाकाच्या आगबोटीचं तसं नव्हतं. दोन्ही कुशींना माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीची चाकं, चाकांना फळ्या, आणि त्या फळ्या सपासप पाणी मागे लोटणार, सगळा कारभार उघड्यावर.

असली एक आगबोट स्कॉटलंडात अजून चालते, वेव्हर्ली. 1947 सालापासूनची. तिचं वाफेचं इंजिन प्रवाशांना जवळून बघता येतं. तिकडचे बाप्ये म्हणे पूर्वी असल्या बोटींवर घरच्यांना 'जरा इंजिन बघून येतो' सांगायचे आणि बारमध्ये सटकायचे, हे वाचलं आणि ती बोट मला एकदम आपल्या गावची वाटायला लागली.

आता चाकं आपल्याकडेही होती बरं का. ह्यू लिंडसे ही चाकाची आगबोट मुंबईतच बांधलेली, 20 मार्च 1830 ला ती सुएझला निघाली. एडनपर्यंतचा कोळसा मावेना म्हणून केबिनींतसुद्धा कोळसाच भरला. आणि चाकाचं दुखणं नेमकं इथंच आहे, निघताना बोट वजनाने खाली बसते, चाकं जास्त बुडतात, मग कोळसा जळत जातो तशी ती वर येते आणि चाकं नुसतं पाणी खरवडायला लागतात. त्यात लाटेवर बोट कलली की एक चाक खोल पाण्यात आणि दुसरं हवेत. 1845 ला इंग्रजांच्या आरमाराने पंख्याची रॅटलर आणि चाकाची ॲलेक्टो शेपटीला शेपटी बांधून रस्सीखेच लावली, तर रॅटलरने ॲलेक्टोला सरळ उलटं ओढत नेलं. खेळ खल्लास.

खरं तर आमच्या खाड्यांना चाकच बरं, उथळ पाण्यातही चालतं. पण एका खाडीतून दुसऱ्या खाडीत जायचं तर मध्ये समुद्र आहेच ना, आणि तो काही स्कॉटलंडच्या आतल्या खाड्यांसारखा शहाण्यासारखा वागत नाही. आजी ज्या आगबोटीने मुंबईला जायची ती पंख्याचीच. ती बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं पडावातून जायची. लाट आली की पडाव वर, की खलाशी दंडाला धरून ओढणार, चुकलात तर पुढच्या लाटेची वाट बघा. ट्रंक, वळकटी, आंब्याच्या पेट्या, कडेवरची पोरं, सगळं असंच वर चढायचं. वर गेल्यावर बोट लागली की लिंबू हुंगत पडून राहायचं, आणि पावसाळ्यात तर बोट बंदच. आज याच्या आठवणी काढून लोक हळवे होतात, आजी कधी झाली नाही.

वेव्हर्ली 1974 मध्ये तिथल्या बोटवेड्या मंडळींना एका पौंडाला मिळाली आणि त्यांनी ती पुन्हा चालती केली. आपल्याकडे एखादी आगबोट रुपयाला मिळाली असती तर ठेवायची कुठल्या बंदरात यावरून आधी दोन पार्ट्या झाल्या असत्या, आणि तिसरी म्हणाली असती, बोट राहू दे, आधी बंदरापर्यंतचा रस्ता करा. तिसरीचं मला पटलंही असतं.