कंपनीसाठी सेकंडहँड जेट बघताना

आमचा मुख्य कारखाना चाकणला आणि दुसरा उत्तराखंडात, पंतनगरला. सकाळी पुण्याहून निघालेला माणूस दिल्लीमार्गे तिथे पोचेपर्यंत दिवस मावळतो. 2025 च्या उन्हाळ्यात मोठ्या साहेबांनी विषय काढला, "एखादं छोटं जेट घेतलं तर? वापरलेलं चालेल." फायनान्स माझ्याकडे, त्यामुळे फाईलही माझ्याकडेच आली.

सल्ल्याला आम्ही एक अनुभवी वैमानिक घेतले. हवाई दलातून निवृत्त झाल्यावर त्यांनी बरीच वर्षं खासगी जेट उडवली होती. मला वाटलं होतं, कॅप्टनसाहेब आधी बजेट विचारतील. त्यांनी विचारलं, "किती माणसं, कुठून कुठे, आणि वर्षातून किती वेळा?" मागच्या सगळ्या प्रवासबिलांचा तक्ता काढून दिल्यावरच ते पुढे बोलले.

यादीतून उरलं ते सेस्ना कंपनीचं सायटेशन सीजे2प्लस. उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन 5,670 किलो, विल्यम्स कंपनीची दोन इंजिनं. एका वैमानिकाला उडवायची परवानगी आहे, पण विमा कंपनीने दोघांचाच आग्रह धरला. टाकी पूर्ण भरली तर सगळ्या खुर्च्या भरता येत नाहीत. आमचा पल्ला मात्र साधारण 1,300 किलोमीटरचा, त्यामुळे ती अडचण नव्हती. केबिनची उंची 1.45 मीटर, साहेब सहा फुटी. "दोन तास बसायचंच आहे ना," म्हणाले, आणि तो विषय तिथेच मिटला.

अमेरिकेतलं एक विमान पसंत पडलं. किंमत पन्नास लाख डॉलरच्या आसपास. खरी किंमत विमानात कमी आणि कागदांत जास्त असते, हे मला तिथे कळलं. उड्डाणांच्या आणि दुरुस्त्यांच्या नोंदवह्या, म्हणजे लॉगबुकं, पहिल्या दिवसापासूनची सगळी सलग हवीत. एखादं हरवलेलं असेल तर मशिन कितीही चकचकीत असो, भाव पडतो. दोन्ही इंजिनं उत्पादकाच्या देखभाल योजनेत होती. उडलेल्या प्रत्येक तासामागे ठरावीक रक्कम भरायची, बदल्यात ओव्हरहॉलचा, म्हणजे इंजिन पूर्ण खोलून नीट करण्याचा, मोठा खर्च योजनेतून होतो. फक्त मालकाने हप्ते थकवलेले नाहीत ना, हे योजनेकडूनच लेखी मागवावं लागतं. अनामत ओक्लाहोमा सिटीतल्या एस्क्रो खात्यात, म्हणजे व्यवहार पुरा होईपर्यंत तिसऱ्याच्या ताब्यात, ठेवली. अमेरिकेची विमान नोंदणी त्या शहरात असल्याने असे व्यवहार तिथेच पार पडतात. विमानावर कुणाचं कर्ज नाही, याचा शोधही तिथूनच घेतला. भारतात नोंदणी करायची तर 'गगन' या भारतीय उपग्रह-दिशादर्शन प्रणालीचे संकेत घेणारा रिसीव्हर लागतो. तो बसवलेला होता.

तपासणीला विमान कॅन्ससमधल्या विचिटाला नेलं. सेस्नाचं गावच ते. अशा तपासणीचा खर्च घेणाऱ्याचा, निघालेले दोष दुरुस्त करायचा खर्च विकणाऱ्याचा. मीही गेलो होतो. बोरोस्कोपची बारीक नळी इंजिनात सारून मेकॅनिक एकेक पातं स्क्रीनवर आणत होता. एका पात्याच्या कडेला नखाने कोरल्यासारखी खूण दिसली. त्याने मोजली, पुस्तकातल्या मर्यादेशी ताडली आणि शांतपणे पुढे सरकला. माझा घसा मात्र कोरडा पडला होता. मग शौचालयाखालची फळी उचलली. खाली अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी, म्हणजे गंज. विमान काही वर्षं फ्लोरिडात समुद्राकाठी उभं असायचं आणि विक्रेत्याने ते सांगितलं नव्हतं, लॉगबुकातूनच कळलं. गंज वरवरचा निघाला. पण कॅप्टनसाहेब म्हणाले, "चामड्याच्या सीटा सगळेच बघतात, फळी कुणी उचलत नाही."

अहवालावर सही व्हायची होती, तेवढ्यात 22 सप्टेंबरला जीएसटीचे नवे दर लागू झाले. वैयक्तिक वापराच्या विमानावर आधी 28 टक्के आणि वर 3 टक्के सेस होता, तो कर थेट 40 टक्के झाला. आमच्या कर सल्लागारांच्या मते खासगी वर्गात नोंदवलेलं आमचं विमान त्यातच मोडत होतं. भाड्याने चालणाऱ्या विमानाला 5 टक्के. पन्नास लाख डॉलरवर हा फरक किती, ते कॅल्क्युलेटरशिवायही कळतं. संचालक मंडळाने साहजिकच विचारलं, मग परवानाधारक ऑपरेटरकडे भाडेतत्त्वावर का नाही चालवायचं?

कॅप्टनसाहेबांनी पंतनगरचा नकाशा पुढे सरकवला. धावपट्टी सुमारे 1,370 मीटरची. खासगी उड्डाणात तिथे हे जेट उतरतं. भाड्याच्या उड्डाणात मात्र जेटला उपलब्ध लांबीच्या 60 टक्क्यांतच थांबता आलं पाहिजे. म्हणजे हातात उरतात 820 मीटर, आणि या विमानाला पूर्ण वजनाने उतरताना 900 च्या आसपास लागतात. पावसात ओल्या पट्टीसाठी आणखी भर. माणसं आणि इंधन कमी करून कोरड्या दिवशी जमेलही, पण निम्मं रिकामं जेट घेऊन करायचं काय? कर वाचवायचा तर पंतनगर सुटतं, पंतनगर धरायचं तर 40 टक्के. आणि पंतनगर नसेल तर पुण्याहून दिल्लीला, बंगळूरला रोजची विमानं आहेतच. शिवाय पुण्याचा विमानतळ म्हणजे लोहगावचा हवाई दलाचा तळ, मनाला येईल तेव्हा स्लॉट, म्हणजे उड्डाणाची वेळ, मिळत नाही, तो मुद्दा वेगळाच.

साहेबांना हे सांगायला मीच गेलो. ते थोडा वेळ गप्प बसले आणि विचारलं, "पंख्याचं विमान उतरतं का तिथे?" उतरतं. अशा पंख्याच्या विमानाला, म्हणजे टर्बोप्रॉपला, भाड्याच्या उड्डाणातही 60 ऐवजी 70 टक्के धरतात, त्यात किंग एअर बी200 बसतं. वेळ पाऊण तास जास्त. अहवाल लेखी स्वीकारेपर्यंत अनामत परत मिळण्याचं कलम होतं, त्यामुळे ती परत आली. तपासणीचा खर्च तेवढा गेला. सध्या टेबलावर एका किंग एअरची लॉगबुकं आहेत, आणि त्यातल्या एका जुन्या दुरुस्तीच्या नोंदीवर सही सापडत नाहीये.